आपलं कोण खेळतंय?

१८ डिसेंबर २०२२ च्या रात्री फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे मध्यंतर झाले, तेव्हा मी चहाचे दोन कागदी पेले घेऊन आमच्या नाशिकच्या सोसायटीच्या फाटकाशी गेलो. रखवालदार मामा नेहमीप्रमाणे माकडटोपी घालून, खोक्यांचे पुठ्ठे आणि वाळक्या फांद्या घातलेल्या शेकोटीजवळ बसले होते. मामा पेठ तालुक्यातले. भात निघाला की शहरात यायचे आणि पावसाची चाहूल लागली की पेरणीसाठी गावी परत जायचे, असा त्यांचा क्रम. पार्किंगमधला गलका त्यांच्यापर्यंत पोहोचत होताच. अर्जेंटिनाचा संघ दोन गोलांनी पुढे होता, आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे घातलेली मुले मोटारींच्या मधल्या जागेत नाचत होती आणि एरवी जिन्यात भेटले तरी ओळख न दाखवणारे लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मामांनी पेला दोन्ही हातांत धरला आणि विचारले, "साहेब, यात आपलं कोण खेळतंय?" मी म्हणालो, "आपलं कोणीच नाही, मामा. एक अर्जेंटिना आणि एक फ्रान्स." ते थोडा वेळ विस्तवाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मग एवढी माणसं थंडीत कशाला बसली?" त्यांच्या स्वरात खोच नव्हती, टोमणा नव्हता, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. तेवढ्यात उत्तरार्ध सुरू झाल्याची आरोळी आली आणि मी उत्तर न देताच परतलो.

त्या प्रश्नाने पुढे कित्येक महिने माझी पाठ सोडली नाही.

आमचा पडदा म्हणजे कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स होता. त्याची मागची पांढरी बाजू आमच्याकडे करून तो दोन खांबांना सुतळीने ताणून बांधला होता. पण मागच्या रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड त्यातून झिरपत असल्यामुळे कतारमधल्या लुसैल मैदानाच्या हिरवळीवर आमच्या प्रभागातले हात जोडलेले चेहरे पुसट उमटत होते. प्रोजेक्टर एका शिकवणीच्या वर्गातून आणलेला, स्पीकर गणेश मंडळाच्या खोलीतून काढलेले, सतरंज्या ज्याच्या त्याच्या घरच्या. खायला भेळभत्ता होता, सोबत चिरलेला कांदा आणि मिठात घोळवलेल्या तळलेल्या मिरच्या. कोणी उकडलेल्या शेंगा आणल्या होत्या, कोणी थर्मासभर चहा. वर्गणीची पावती कोणी फाडली नव्हती. या साध्या गोष्टीकडे मी नंतर पुन्हा पुन्हा वळलो आहे, कारण आपल्याकडे माणसे जमतात तेव्हा बहुतेक वेळा जागा आधीच ठरलेल्या असतात. लग्नात व्याह्यांचा मान असतो, मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर कोण बसणार यावरून रुसवे होतात, सत्यनारायणाला जोडीने कोणी बसायचे याचीही चर्चा होते. गोदाकाठी दशक्रियेला जमलेल्या लोकांतसुद्धा कोणी कुठे उभे राहायचे हे न बोलता ठरलेले असते. इथे जो आधी आला तो पुढे बसला आणि जो उशिरा आला त्याला कोणीतरी सरकून जागा दिली. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवरून बैठकीत कडाडून भांडलेले आणि त्यानंतर अबोला धरलेले दोन गृहस्थ एकाच सतरंजीवर, एकाच कागदातला भत्ता खात होते. त्यांचा अबोला दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाला हेही सांगायला हवे. तरीही त्या दोन-अडीच तासांत तो नव्हता, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

मग ऐंशीवे मिनिट आले. आमचे चित्र इंटरनेटवरून येत होते आणि ते प्रत्यक्ष खेळाच्या बरेच मागे असावे. समोरच्या इमारतीत लोक नेहमीच्या सेट टॉप बॉक्सवर सामना पाहत होते. त्यामुळे आमच्या पडद्यावर अर्जेंटिनाचे खेळाडू निवांत चेंडू फिरवत असतानाच समोरच्या गॅलरीतून "अरे देवा!" असा आवाज आला आणि पार्किंगमधली सगळी माणसे एकदम गप्प झाली. काय झाले ते कळले नव्हते. काहीतरी वाईट झाले आहे एवढेच कळले होते. फ्रान्सच्या एमबापेची पेनल्टी आम्ही पाहिली ती अशी, भीती आधी सोसून. त्यातून सावरतो न सावरतो तोच समोरून दुसरी आरोळी आली. दोन मिनिटांच्या आत दोन गोल! त्यानंतर चित्रच थांबले आणि पडद्यावर नुसते चक्र फिरू लागले. मुले मोबाइल घेऊन धावपळ करत असताना तळमजल्यावरच्या काकूंनी बैठकीच्या खोलीची खिडकी उघडली, टीव्हीचे टेबल ओढत खिडकीपाशी आणले आणि संच बाहेरच्या बाजूला वळवला. "या रे सगळे इकडे," एवढेच त्या म्हणाल्या. मोठ्या पडद्यासमोरून उठून सगळी माणसे त्या लहानशा संचापुढे खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. पुढच्या मुलांनी मागच्यांना दिसावे म्हणून आपण होऊन बसकण मारली. ज्यादा वेळ, मेस्सीचा दुसरा गोल, एमबापेची दुसरी पेनल्टी, अगदी शेवटी अर्जेंटिनाचा गोलरक्षक मार्टिनेझने पाय पसरून अडवलेला कोलो मुआनीचा फटका आणि मग पेनल्टी शूटआउट, हे सगळे मी लोकांच्या खांद्यांमधून आणि काकूंच्या खिडकीच्या गजांमधून पाहिले.

अर्जेंटिनाच्या मोंतिएलचा फटका जाळ्यात गेला आणि काकूंच्या तुळशीवृंदावनापासून फाटकापर्यंत जो जल्लोष उसळला, त्यात मामा कधी मागे येऊन उभे राहिले ते मला कळले नाही. ते नाचणाऱ्या मुलांकडे पाहत नव्हते, संचाकडे पाहत होते. "तो पोरगा, त्यानं तीन गोल केले ना?" त्यांनी विचारले. "तरी हरला?" १९६६ मध्ये इंग्लंडच्या जेफ हर्स्टने पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तीन गोल केले होते, त्यानंतर तसे करणारा एमबापे हा पहिलाच खेळाडू, आणि तो हरलेल्या संघात होता. आमच्यातल्या कोणालाही त्या क्षणी त्याची आठवण नव्हती. ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्या मामांच्या मनाला मात्र नेमकी तीच गोष्ट लागली होती.

माझ्या वाट्याला आलेला असा पहिला जमाव १९८६ चा. आम्ही नाशिकरोडला प्रेसच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत राहत होतो आणि आमच्या ओळीत रंगीत टीव्ही एकाच घरी होता, गोव्याकडच्या एका काकांकडे. २९ जूनची रात्र होती. मेक्सिकोत दुपारचे बारा वाजले होते आणि आपल्याकडे साडेअकरा. दिवसभर पावसाची रिपरिप झालेली, त्यामुळे दारात चपलांचा आणि ओल्या छत्र्यांचा ढीग पडलेला. एका मोठ्या मुलाला गच्चीवर अँटेना धरून उभे केले होते आणि खालून सारखी हाक जायची, "नाही, अजून मुंग्याच येताहेत!" काकूंनी बेकरीतली बटर आणि चहा सगळ्यांना दिला. रात्रपाळीला जाणारे लोक निघण्याच्या तयारीने, डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि पाय निघत नाही म्हणून पाच-पाच मिनिटे पुढे ढकलत होते. मी वडिलांच्या गुडघ्याला टेकून बसलो होतो आणि मधूनमधून मला झोप लागत होती. अर्जेंटिनाने दोन गोल केले, पश्चिम जर्मनीने ते फेडले, आणि सामना संपत आला असताना मॅराडोनाने पुढे सोडलेल्या चेंडूवर बुरुचागा एकटाच धावत निघाला. त्या वेळी मी जागा होतो. गोल झाला आणि वडिलांनी मला काखेत धरून उचलले, अगदी डोक्याच्या वर. आमचे वडील मुलांना जवळ घेणाऱ्यांपैकी नव्हते. परीक्षेत चांगले गुण मिळाले तरी "बरं झालं" एवढेच म्हणायचे आणि ते खरे प्रेमाने म्हणायचे, हे मला मोठेपणी कळले. पण त्या रात्री, ज्या देशाचे नाव त्यांनी भूगोलाच्या पुस्तकाबाहेर फारसे ऐकलेही नव्हते, त्या देशाच्या गोलाने त्यांचे हात मोकळे केले. मी तेव्हापासून अर्जेंटिनाचा आहे. कोणी कारण विचारले की मी मॅराडोनाचे नाव सांगतो आणि ते खोटे नाही. पण मला खरी आठवण येते ती वडिलांच्या बनियनला येणाऱ्या शाईच्या आणि घामाच्या वासाची.

माणसे आपापले संघ कुठून उचलतात हे पाहणे मला फार आवडते. माझ्या एका स्नेह्याचे काका सातपूरला मायकोत होते. कंपनी जर्मन, यंत्रे जर्मन, साहेब जर्मन, म्हणून घरात तीन पिढ्या जर्मनीच्या पाठीराख्या. देवळालीला तोफखान्यातून निवृत्त होऊन इथेच घर बांधलेल्या एका शेजाऱ्यांचा जन्म बंगालचा, त्यामुळे त्यांच्याकडे ब्राझीलशिवाय दुसरा शब्द नाही. शरणपूर रोडवरच्या शाळेत शिकलेल्या एका मित्राला त्याच्या खेळाच्या शिक्षकांनी इटलीचे वेड लावले आणि १९९४ मध्ये बॅजिओची पेनल्टी आडव्या खांबावरून गेली तेव्हा त्याने दुसऱ्या दिवशी जेवण सोडले. ही निष्ठा उसनी आहे हे सगळ्यांना माहीत असते. पण ती कोणाकडून उसनी घेतली त्या माणसाची त्यात भर पडते, आणि मग ती सोडवत नाही.

९ जुलै २०१४ ची रात्र यासाठीच माझ्या मनात रुतून बसली आहे. बेलो होरिझोंतेला ब्राझील आणि जर्मनी यांचा उपांत्य सामना, आपल्याकडे रात्री दीड वाजता. गंगापूर रोडवर एका मित्राच्या घरी आम्ही जमलो होतो. मित्र बँकेत अधिकारी, अतिशय संयमी माणूस. वडील गेले तेव्हा अमरधामला त्याने सगळे विधी कोरड्या डोळ्यांनी पार पाडले होते आणि आलेल्या प्रत्येकाला पाणी मिळाले की नाही हे तो पाहत होता. तो ब्राझीलचा. त्याचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगाही ब्राझीलचा. बापलेकांनी सारखेच पिवळे सदरे घातले होते. एकोणतीस मिनिटांत जर्मनीचे पाच गोल झाले. पहिल्या दोन गोलांना आरडाओरडा झाला, तिसऱ्याला कोणी तरी शिवी हासडली आणि मग खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मित्र रडत होता. आवाज न करता, चष्मा काढून हातात धरून, सगळ्यांसमोर. त्याच्या मुलाने आधी दुसरीकडे पाहिले, मग वडिलांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो सामना संपेपर्यंत काढला नाही. आमच्यात मायकोवाल्या काकांचा पुतण्या होता. सहावा गोल झाला तेव्हा त्याने टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले आणि सातव्याच्या वेळी तो उठून स्वयंपाकघरात गेला, चहा ठेवायला. ब्राझीलवर सात गोल होणे ही अर्जेंटिनाच्या पाठीराख्यांना चेष्टेची पर्वणीच. खोलीत आम्ही तसे तिघे-चौघे होतो आणि कोणी एक शब्द बोलले नाही. सामना संपल्यावरही कोणी घरी गेले नाही. बाहेर पाऊस लागला होता. उजाडेपर्यंत आम्ही बसून राहिलो आणि त्या वेळी मित्र पहिल्यांदा त्याच्या वडिलांविषयी बोलला.

मामांच्या प्रश्नाचे उत्तर मला या दोन रात्रींच्या आसपास कुठेतरी सापडते. आपले कोणीच खेळत नसते म्हणूनच माणसे इतकी मोकळी होतात. जे आपले असते त्याच्यावर आपला हक्क असतो, आणि हक्काबरोबर रागही येतो, हिशेबही येतो. भारताचा क्रिकेट संघ हरला की आम्ही रडत नाही, दोषी शोधतो; कोणी झेल सोडला, कोणाला खेळवायला नको होते, कोणाची वशिल्याने निवड झाली. बेलो होरिझोंतेच्या पराभवाचा जाब आम्ही कोणाला विचारणार होतो? तिथे फक्त दुःख होते, आणि कसलाही जाब नसलेले दुःख शेजाऱ्यांसमोर दाखवता येते. मराठी मध्यमवर्गीय पुरुषाला अशी जागा फार कमी मिळते. ती त्याला दुसऱ्याच्या देशाच्या आडोशाने मिळत असेल तर त्या देशाचे आपण ऋणी असले पाहिजे, असे मी मनापासून मानतो. ही उसनी निष्ठा नेहमीच निर्मळ असते असे मात्र नाही. बांगलादेशात ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या पाठीराख्यांत हाणामाऱ्या झाल्याच्या बातम्या मी वाचल्या आहेत, आणि आपल्याकडेही मोबाइलवरच्या समूहांत सामन्यानंतर जे लिहिले जाते ते वाचून कधी कधी मन विटते. पण समोरासमोर बसलेल्या जमावात मी ते विष पाहिलेले नाही. हाताच्या अंतरावर माणूस बसलेला असला की जीभ आपोआप आवरली जाते.

२०२२ च्याच विश्वचषकातला, अंतिम सामन्याआधीचा अर्जेंटिना-क्रोएशिया उपांत्य सामना आम्ही आवाज बंद ठेवून पाहिला. सामना रात्री साडेबाराला होता आणि पार्किंगच्या वरच, पहिल्या मजल्यावर, नुकतीच हृदयाची शस्त्रक्रिया झालेले आजोबा झोपले होते. मुलांनी स्वतःच ठरवले की ओरडायचे नाही. मेस्सीने उजव्या बाजूने चेंडू घेतला, क्रोएशियाचा ग्वार्डिओल त्याच्या पाठीशी सावलीसारखा चिकटला होता, मेस्सी थांबला, वळला, पुन्हा निघाला आणि गोलरेषेजवळून त्याने अल्वारेझसमोर चेंडू ठेवला. तिसरा गोल. आणि पार्किंगमध्ये वीस-पंचवीस माणसे तोंड उघडे ठेवून, हात वर करून, अजिबात आवाज न करता उड्या मारत होती. कोणी स्वतःच्या मांडीवर मुठी आपटत होते, कोणी शेजाऱ्याचा स्वेटर दातात धरला होता. चपलांचा फरशीवर होणारा आवाज तेवढा ऐकू येत होता. सकाळी आजोबांनी विचारले, "कितीने जिंकलो?" ते जागेच होते.

द्वारका चौकाच्या पुढे महामार्गावर टायरचे दुकान चालवणारे केरळचे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. त्या वर्षी कोझिकोडजवळ पुल्लावूरच्या नदीत मेस्सीचा तीस फुटी आणि नेमारचा चाळीस फुटी पुतळा, म्हणजे कटआउट, उभारल्याची छायाचित्रे जगभर पोहोचली होती. कोचीजवळच्या मुंडक्कामुगल या गावी सतरा जणांनी विश्वचषक एकत्र पाहता यावा म्हणून २३ लाख रुपयांना चक्क एक घर विकत घेतले. जिंकल्यानंतर अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेने बांगलादेशाबरोबर केरळचेही नाव घेऊन आभार मानले. मी हे सगळे कौतुकाने बोलत होतो तेव्हा त्या गृहस्थांनी मोबाइल काढून त्यांच्या गावची मिरवणूक दाखवली. पिवळे झेंडे, भर पावसात भिजलेली मुले आणि पुढे ढोलांचा ताफा. "हा नासिक ढोल," ते म्हणाले. "आमच्याकडे सगळे असेच म्हणतात. इथे दुकान टाकायच्या आधी मला नाशिक म्हणजे फक्त ढोल माहीत होता." मी ती चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली. आपल्या गणपतीपुढे वाजणारा ताल हजार कोसांवर ब्राझीलच्या झेंड्यापुढे वाजत होता आणि वाजवणाऱ्यांना त्यात काही परके वाटत नव्हते.

आपले कोणी खेळत असते तेव्हा काय होते, हेही मी एकदा पाहिले आहे. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानला, पाच गोलांनी हरवले, सुनील छेत्रीने त्यातले तीन केले, आणि तो सामना पाहायला २,५६९ प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत प्रसृत केली. आम्हाला नावे ठेवा, शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या, असे तो हात जोडून सांगत होता. त्या वेळी खेळत असलेल्यांत देशासाठी सर्वांत जास्त गोल करणाऱ्या खेळाडूंच्या पंक्तीत बसलेल्या माणसाला असे विनवावे लागते हे मला पाहवले नाही. ४ जूनला केनियाशी सामना होता, छेत्रीचा शंभरावा. आम्ही एक गाडी केली, सोसायटीतली दोन मुले बरोबर घेतली आणि कसारा घाट उतरून मुंबईला गेलो. तिकिटे संपली होती. आमची आदल्या दिवशी काढलेली होती म्हणून निभावले. पाऊस असा कोसळत होता की मैदानावर चेंडू पाण्यात अडकून राहत होता. एका बाजूला ब्लू पिलग्रिम्स या पाठीराख्यांच्या गटाची मुले उभ्यानेच गात होती आणि त्यांचे ढोल भिजून भिजून जड झालेले ऐकू येत होते. राष्ट्रगीताच्या वेळी माझ्या शेजारच्या मुलाने छत्री मिटली. पहिल्या अर्ध्यात गोल झाला नाही. मी अर्जेंटिनासाठी घसा फुटेपर्यंत ओरडतो; इथे माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. प्रत्येक चुकलेला पास अंगावर येत होता. उत्तरार्धात छेत्रीच्या पेनल्टीने सुरुवात झाली, मग जेजेचा गोल, आणि शेवटी पुन्हा छेत्री, तीन-शून्य. परतताना घोटीला एका टपरीवर गाडी थांबवली तेव्हा मुले थरथरत होती, ओठ निळे पडले होते, आणि दोघांपैकी एक जण म्हणाला, "काका, आपण दर वेळी येऊ या."

आम्ही दर वेळी गेलो नाही. जानेवारी २०२४ मध्ये आशिया चषकात भारत ऑस्ट्रेलियाशी, उझबेकिस्तानशी आणि सीरियाशी हरला, तीन सामन्यांत एकही गोल करता आला नाही. सामने आपल्याकडे सायंकाळी आणि रात्री सोयीच्या वेळेला होते. पार्किंगमध्ये पडदा लागला नाही. सीरियाविरुद्धचा सामना मी मोबाइलवर, एकट्याने पाहिला. याबद्दल मी मुलांना दोष देत नाही. माणसे जिथे आधी कोणी जमलेले असते तिथेच जमतात. अर्जेंटिनाच्या मागे वडिलांची, काकांची, वरच्या मजल्यावरच्या दादाची सोबत असते आणि भारताच्या फुटबॉल संघामागे आमच्या घरांत अजून कोणी बसलेले नाही. ती बैठक कोणीतरी सुरू करावी लागेल, आणि हरण्याच्या दिवसांतच सुरू करावी लागेल, असे मला तीव्रतेने वाटते.

आणखी एक गोष्ट मला सलते. जमावात कोण असेल हे संघावर ठरत नाही, घड्याळावर ठरते. २००२ चा विश्वचषक कोरिया आणि जपानमध्ये झाला तेव्हा सामने आपल्याकडे दुपारी बारा, अडीच आणि पाच वाजता असत. मेन रोडवरच्या टीव्हीच्या दुकानांपुढे भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका थांबलेल्या मी त्याच वर्षी पाहिल्या. माझ्या आईने आयुष्यात पाहिलेली तेवढी एकच स्पर्धा. भांडी आवरली की ती पदर खोचून टीव्हीसमोर बसायची, ब्राझीलच्या रोनाल्डोने कपाळावर चंद्रकोरीएवढे केस ठेवून बाकी डोके तासले होते, ते पाहून तिने विचारले होते, "याची आई याला काही बोलत नाही का रे?" आणि अंतिम सामन्यात त्याने दोन गोल केल्यावर "करू दे मग काय करायचं ते" म्हणून त्याला माफही केले होते. चार वर्षांनी जर्मनीतले सामने रात्री उशिरापर्यंत चालू लागले आणि तिचा फुटबॉल तिथे संपला. आमच्या पार्किंगमध्ये रात्री साडेबाराच्या उपांत्य सामन्याला एकही स्त्री नव्हती. रविवारी रात्री साडेआठच्या अंतिम सामन्याला निम्म्या होत्या. मोकळे होण्याची जी जागा मी एवढ्या कौतुकाने सांगितली, तिचे दार बायकांसाठी स्वयंपाक उरकल्यावर आणि सकाळची काळजी नसेल तेव्हाच उघडते.

२०२६ ची स्पर्धा ११ जूनपासून १९ जुलैपर्यंत अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहे, आणि ती सुरू होते आहे त्याच अझ्टेका मैदानावर जिथे १९८६ मध्ये बुरुचागा धावला होता. अठ्ठेचाळीस संघ, एकशे चार सामने, आणि आपल्याकडे वेळा रात्रीपासून सकाळपर्यंत पसरलेल्या. पाऊस असणार म्हणून फ्लेक्सचा पडदा नाही. मामा पेरणीला गावी गेलेले असतील, त्यांच्या घरी टीव्ही आहे का हे विचारून मुलांनी त्यांच्या नातवाच्या मोबाइलचा क्रमांक लिहून घेतला आहे. जागा ठरवण्यासाठी आम्ही काकूंच्याच बैठकीच्या खोलीत बसलो. अर्जेंटिनाचा पहिला सामना अल्जीरियाशी, १७ जूनला बुधवारी, आपल्या सकाळी साडेसहाला. पुरुषमंडळी खूश झाली, कारण जागरण नाही, सामना संपवून सरळ कामावर. काकू म्हणाल्या, "सकाळी साडेसहाला कुठली बाई मॅच बघते रे? शाळा सुरू झालेल्या असतील. तेव्हा डबे असतात." खोलीत शांतता पसरली. मग त्यांनीच अट घातली: खोली मिळेल, टीव्ही मिळेल, चहाही मिळेल, पण सकाळच्या सामन्याला ज्याला यायचे असेल त्याने आधी आपल्या घरचे डबे भरायचे आणि बायकोला बरोबर घेऊन यायचे. बँकेतल्या मित्राने वहीत नावे लिहायला घेतली. पोळ्या आदल्या रात्री केल्या तर चालतील का, असे कोणीतरी विचारले, आणि चालणार नाही असे तीन घरांतून आलेल्या तीन बायकांनी एकदमच सांगितले.